जिवंत असल्याचं लिहून द्या

तुरुंगात शिरून कैद्यांना 'सावधान' म्हणून हुकूम सोडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सिल्वासाच्या तुरुंगात मुलाखतीच्या दिवशी जाळीपलीकडे कैदी घोळक्यानं उभे असत. अलीकडे बायका रडत, म्हातारे खोकत, शिपाई स्टुलावर पेंगत. अशात नऊवारी नेसलेली, ठेंगणी, जाड चष्म्याची ती बाई छाती भरून श्वास घेई आणि थेट कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढी, "सावऽधान!" शिपाई दचकून उठे. बाईंचं लक्ष मात्र कैद्यांच्या पायांकडे. त्या घोळक्यात एखाद्याच्या टाचा नकळत जुळत, हनुवटी वर येई. लगेच बाई बोट दाखवून म्हणत, "हा माझा. याला पुढं पाठवा."

सिल्वासातला आमलीचा सगळा भाग त्यांना सुभेदारीणबाई म्हणायचा. नवरा सुभेदार होऊन फौजेतून निवृत्त झाला आणि गावी परतल्यावर लवकरच गेला. त्याच्यामागचं पेन्शन मिळवता मिळवता बाईंनी कार्यालयांच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या, की शेवटी तिथल्या कारकुनांचे नियम त्यांनाच पाठ झाले. पुढं खानदेशातली माणसं कारखान्यांमागं सिल्वासाला आली, तशा त्याही आल्या आणि आमलीत खानावळ घातली. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. मी सूतगिरणीतून सुटलो की तिथंच जेवायचो.

सावधान ओरडायचं कारण हसण्यासारखं नव्हतं. आमच्या कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहणारे निम्मे चौकीदार निवृत्त जवान. मालकांना ते स्वस्तात मिळत, आणि माल गेला की पकडायलाही तेच पहिले मिळत. आतल्या माणसानं चोरी केली तरी "तुझ्या पहाऱ्यात गेला ना?" एवढा सवाल पुरायचा. तुरुंगात नाव लिहिताना धंदा विचारला की हा माणूस सांगणार, चौकीदार. फौजेचा उच्चार नाही. पलटणीच्या नावाला डाग नको! आपली पलटण हे जणू आईचं नाव, ते त्या दारात घ्यायचं नाही. ही त्यांची इज्जत, आणि हीच त्यांची चूक. कारण पेन्शन घेणाऱ्यानं दर नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला द्यायचा असतो, आपण जिवंत आहोत म्हणून. तो गेला नाही की पेन्शन बंद. आत गेलेला जवान बोलायचा नाही, बँक विचारायची नाही, आणि घरी चूल विझायची.

रामदास असाच सापडला. टाचा जुळल्या आणि त्यानं लगेच मान खाली घातली. फौजेत नाईक होता, सिल्वासाजवळच्या गलोंड्याच्या एका कारखान्यात पहाऱ्यावर असताना तांब्याची तार गेली, शिक्षा याला झाली. पारोळ्याकडच्या गावी बायको दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करत होती. नवरा सिल्वासाला ड्यूटीवर आहे, एवढंच तिला ठाऊक.

"घरी कळवलं का नाही भाऊ?"

"काय तोंडानं कळवू बाई? सुटलो तरी रिकाम्या हातानं त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही मी."

बाईंनी त्याच्याकडून पलटण आणि नंबर काढून घेतला. तो तिथं उभ्या उभ्या रडला. पेन्शनपेक्षा पलटणीचं नाव सांगावं लागलं याचं त्याला जास्त दुःख होतं.

दाखल्यावर सही पाहिजे राजपत्रित अधिकाऱ्याची. जेलरसाहेब तर समोरच बसलेले. ते म्हणाले, "बेन, कैदी का कैसा सर्टिफिकेट? ये सब बाहरवालों के लिए है."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "साहेब, रोज सकाळी याला मोजता का नाही?"

"गिनती तो होती है."

"सांजच्याला?"

"वो भी."

"मग दिवसातून दोनदा याला जिवंत म्हणून मोजता, आणि एकदा लिहून द्या म्हटलं की हा मेला? लिहा, हा मेलाय म्हणून लिहा. मी त्याच्या बायकोला घेऊन येते, इथं तुमच्या टेबलापाशी बांगड्या फोडते ती."

जेलरनं सही केली. तेवढ्यावर भागणार नव्हतं. शिक्षा झाल्यानं अडकलेलं पेन्शन पुन्हा सुरू करायला वेगळी मंजुरी लागते. शेजारच्या जिल्ह्यातलं माजी सैनिकांचं कार्यालय म्हणालं, सिल्वासा केंद्रशासित, हा प्रदेश आमचा नाही. रामदासच्या गावाकडचं कार्यालय म्हणालं, माणूस आमचा, पण तुरुंग आमचा नाही. लढाईवर पाठवताना याची हद्द कुणी विचारली होती? बर्फात उभा केला तेव्हा त्याला सांगितलं होतं का, की हा डोंगर तुझ्या जिल्ह्यात येत नाही? तेव्हा सगळा देश त्याचा होता. आता एक सही करायची तर कुणाचाच नव्हता.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात लहानपणापासून चळवळीच्या पत्रकांच्या शाईचाच वास. मी रात्रीत एक पत्रक लिहून काढलं. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा पुसला, आणि पत्रक उलटं करून त्यावर मिरच्या वाळत घातल्या.

"आग चांगली हाय रे. पण यात रामदासचं नाव नाही, मग साहेबाला काय झोंबणार? आणि नाव टाकलंस तर त्याची बायको वाचेल. अर्जात तारीख लागते, नंबर लागतो. धगधगता बिगधगता लागत नाही."

त्यांचा एक नियम होता. काम सुटकेच्या आधी झालं पाहिजे, नंतर नाही. त्या म्हणायच्या, "फाटकातून स्टँडापर्यंत चालायचं म्हटलं तर मधे किती दारूचे अड्डे लागतात बघ. गुजरातेत दारूबंदी, तिथले लोक त्यासाठी इथवर येतात, आपला माणूस तर तिथंच उभा असतो. त्याच्या पुढ्यात आधी घर दिसलं पाहिजे, मगच फाटक उघडलं पाहिजे." तुरुंगाच्या फाटकाशी चौकीदार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा मुकादमही उभा असे. सुटलेल्याला अर्ध्या पगारात उचलायचं, तोंड उघडलं की तुरुंगाची आठवण करून द्यायची.

रामदासची सुटका दिवाळीनंतर होती. बाईंनी दोन्ही कार्यालयं एकमेकांच्या अंगावर सोडली. एकाचं उत्तर दुसऱ्याला दाखवायचं, दुसऱ्याचं पहिल्याला. शेवटी ऑगस्टमध्ये मंजुरी आली. त्यानं स्वतः बँकेत उभं राहून ओळख पटवायची, इतकंच उरलं. बाईंनी त्या दिवशी खानावळीत सगळ्यांना शिरा वाढला आणि पुढच्या मुलाखतीला रामदासलाही एक डबा घेऊन गेल्या.

रामदास तिथं नव्हता. स्वातंत्र्यदिनाची माफी मिळून पंधरा ऑगस्टला सुटला होता. झेंडा फडकला, भाषण झालं, कैद्यांना लाडू मिळाले, आणि देशासाठी उभा राहिलेला एक माणूस हातात लाडू घेऊन रस्त्यावर आला. बाईंना कळवावं असं कुणाला वाटलं नाही. जेलर म्हणाले, "बेन, आपको तो ख़ुश होना चाहिए."

बाई डबा उचलून बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "उद्या रविवार ना? चल."

आम्ही फाटकं हिंडू लागलो. आमली, मग खेरडीकडचे नवे कारखाने, मग गलोंडा. चिखलात चपला तुटल्या, बाईंनी त्या हातात घेतल्या. तिसऱ्या रविवारी गलोंड्याला दुसऱ्याच एका कारखान्याच्या फाटकावर निळ्या टोपीत तो दिसला. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, पाया पडतो, जा तुम्ही. इथं मी सुरेश आहे. जेलातून आलेल्याला कारखाना ठेवत नाही, म्हणून ठेकेदारानं हे नाव दिलंय."

"सुरेशला पेन्शन नाही," बाई म्हणाल्या. "रामदासला आहे. मंजूर होऊन आलंय. मी रामदासला न्यायला आलेय. तो येईपर्यंत बसते." आणि फाटकाशी विटांचा ढीग होता, त्यावर पदर सावरून बसल्या.

थोड्या वेळानं मॅनेजरची गाडी आली. पुण्याचे इंजिनियर, बोलणं अगदी शुद्ध. "ही कोण? अहो बाई, उठा. ही बसायची जागा नाही." बाई एक शब्द बोलल्या असत्या तर रामदासची नोकरी गेली असती, हे त्यांना माहीत होतं. ते नाव सांगायचं तर त्यानंच. मी पुढं सरकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुरेश, बघत काय उभा राहिलास?" मॅनेजर म्हणाले. "हाकल हिला."

रामदास हलला नाही. मग त्यानं आवाज चढवला, इतका की आतले कामगार यंत्रं सोडून दाराशी आले. त्यानं नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, पलटणीचं नाव सांगितलं. म्हणाला, "नाव रामदास. तुरुंगातून सुटून आलोय. या आमच्या सुभेदारसाहेबांच्या बाई. यांना मी हाकलणार नाही साहेब."

मॅनेजरनं काच वर केली. ठेकेदाराला फोन गेला असणार. आम्ही तिघं रस्त्याला लागलो, तर बाई त्यालाच झापू लागल्या, "हळू सांगता येत नव्हतं का रे? कान बसले माझे." तो कावराबावरा होऊन म्हणाला, "बाई, टोपी त्यांची डोक्यावरच ऱ्हायली." बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पगार देतील का आता? टोपी तरी ने."

सोमवारी तो बँकेत उभा राहिला, आणि त्याच आठवड्यात गावी गेला. त्याचं पत्र कधी आलं नाही. बाईंनी पुढं कितीतरी जवानांसाठी असंच केलं, कुणाचंच पत्र आलं नाही. बाई वारल्या तेव्हा खांदा द्यायला आम्ही खानावळीत जेवणारे होतो. त्यांनी ज्यांना घरी पोचवलं त्यांच्यातला एकही आला नाही. मला संताप आला होता. पण येऊन ते काय सांगणार होते, आमची ओळख तुरुंगात झाली म्हणून? बाईंच्या आजारपणात मी या जवानांबद्दल कुरकुरलो, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "आठवण काढत नाहीत ते सुटले रे. आठवण काढणारा अजून आतच असतो."

त्यांच्यावरचा राग मी सोडून दिला. ज्यांच्यावर असायला हवा, त्यांच्यावरचा सोडलेला नाही.

रामदासच्या प्रकारानंतर बाई दर चौदा ऑगस्टला तुरुंगात जाऊन बसायच्या. म्हणायच्या, उद्या कोणाला सोडताय, ते झेंड्याच्या आधी सांगा. त्या वारल्या त्या वर्षी मी गेलो. जेलर नवे होते. त्यांनी विचारलं, तुम्ही नातेवाईक कोणाचे? मी म्हटलं, आत जो फौजेतला असेल त्याचा. ते हसले. म्हणाले, उद्या समारंभानंतर या, तेव्हा कळेल.

मी म्हटलं, आज कळेपर्यंत बसतो.