ओढायचा पंप

"असं काहून?" हे तिचं पहिलं वाक्य असायचं, आणि विचारेपर्यंत तिचा हात त्या वस्तूच्या पोटात गेलेला असायचा. माझा पंखा, चहावाल्याचा स्टोव्ह, काहीच सुटलं नाही. कळंबच्या स्टँडजवळ तिचं वडिलांकडून आलेलं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, शेजारी माझं शिवणकामाचं. तुम्ही तिला बसलेलं कधीच पाहिलं नसतं. जेवायचीसुद्धा उभ्यानं, एका हातात पाना धरून.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि अळी हटत नव्हती. तिचा धाकटा भाऊ रोजानं फवारणीला जायचा. पाठीवर पंप, हातात नळी, आणि उडवलेल्या विषातच पुढचं पाऊल. एका दुपारी उलट्या सुरू झाल्या, म्हणून त्याला ऑटोत घालून यवतमाळला नेलं. तो वाचला, पण डोळ्यांपुढचं धुकं गेलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती येरझारा घालत एकच विचारत होती, "मानूस फवाऱ्याच्या मांगं काहून चालते? पुढं काहून नाही?"

परत आली ती थेट माझ्या शिलाई मशीनखाली आडवी झाली.

"वहिनी, पाय मारत राहा."

"अगं, गिऱ्हाईक उभं आहे!"

"राहू द्या उभं. चाक फिरते अन् सुई खालीवर होते. मले सुईच्या जागी पंपाचा दांडा पाह्यजे."

त्या दिवशी मी एका ब्लाउजची बाही उलटी शिवली.

शेवटी झालं ते असं: सायकलचं एक चाक, त्यावर पंप, फवारा शेपटीला. माणूस पुढे चालणार, यंत्र मागून येणार, विष त्याच्या पाठीमागे पडणार. साधं पाणी भरून भावानंच ते पहिल्यांदा ओढलं. तो थांबल्यावर तिनं त्याचा सदरा तळहातानं चाचपला. कोरडा होता. ती तोंड फिरवून रडली, आणि लगेच चाकाचा नट आवळायला लागली.

कुठल्याशा कंपनीचा एक माणूस येऊन फोटो काढून गेला. हिनं हौसेनं एकेक भाग उघडून दाखवला.

पुढच्या वर्षी यवतमाळच्या कृषी प्रदर्शनात तेच यंत्र त्या कंपनीच्या लाल रंगात उभं होतं. फक्त ते ओढायचं नव्हतं, ढकलायचं होतं.

"माह्यं होतं ते," ती मला हळूच म्हणाली. मग पुढे होऊन तिनं ते फिरवलं आणि ओढायला लागली. चाक टाचांवर आदळलं.

"ताई, उलटं धरलंय तुम्ही," विकणारा म्हणाला.

"ढकलनारा मानूस विषात चालते. अन् दांडा एवढा आखूड काहून?"

"मी फक्त विकतो हो, ताई."

परतताना एसटीत मी म्हटलं, "तक्रार कर."

"करीन. पन तवरोक लोकं ढकलतीन ना, वहिनी?"

तक्रार राहूनच गेली. लाल यंत्र घेतलेला कुणीही दिसला की ती त्याला थांबवून दांड्याला पाइप जोडून द्यायची आणि रस्त्यावरच ओढायला लावायची. "ढकलशीन तं याद राख!"

दोन वर्षांनी तापाचं निमित्त होऊन ती गेली.

गेल्या पावसाळ्यात फुलसावंगीकडे गेले होते. रस्त्याकडेच्या कपाशीत एकजण लाल यंत्र ओढत होता. दांड्याला पाइप जोडलेला.

"दादा, हे ढकलायचं असतं ना?"

तो हसला. "नाही बाई. हे ओढाचंच रायते."

"कुणी शिकवलं?"

"शिकवाचं काय त्यात? पयलेपासूनच असं हाय."

मी तिचं नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर तो ओळीच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.