मामा : संत्रा बागायतदार

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. वहिनी एवढंच म्हणाली, “बाई, तुमचे दादा गेले,” आणि पुढं नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. मी हातातली वही पूर्ण तपासली, सही केली, मगच उठले. असं का केलं, ते आजही कळत नाही. त्याला आता सहा आठवडे झाले... आणि एक गोष्ट कबूल केल्याशिवाय मला राहवत नाही.

आम्ही दोघंच भावंडं. गाव भातकुली तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी, दृष्ट लागेल अशी; पण विहिरीचं पाणी असं खारं की बैलसुद्धा तोंड वाकडं करतो. बाबांनी दादाला नववीतून काढून वखरावर धरलं आणि मला अमरावतीला शिकायला ठेवलं. उलटं का केलं नाही, हे आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही. मी मास्तरीण झाले, दादा शेतकरी राहिला. एकाच आईची लेकरं, पण मधे एक पायरी तयार झाली. माझ्या घरी आला की तो चपला फाटकाबाहेर काढायचा आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकायचा. नीट बस म्हटलं की हसायचा. “गावात निंदनाऱ्या बाया मले मालक म्हन्ते. इथं तुह्या सोफ्यावर बसलो का मीच मले गडी वाटतो. खरा मी कोन्त्या लायनीतला, सांग बरं बाई?” मला तो बाईच म्हणायचा. मी चहा टाकायला आत निघून जायचे.

माझ्या लेकीचं लग्न करायचं ठरलं ते दिवस वाईट होते. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं, आणि शेतकरी म्हटलं की लोक आजाऱ्याबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणायचे. स्थळं सुचवणाऱ्या बाईंनी बायोडाटा वाचला आणि मामाच्या रकान्यावर बोट ठेवलं. “नुसतं शेती नका लिहू हो. वाचणारा इथंच थांबतो.” मी घरी येऊन लिहिलं : मामा – संत्रा बागायतदार. खारपाणात संत्रा! संत्र्याच्या बागांच्या मोर्शीकडच्या कुणी वाचलं असतं तर पोट धरून हसला असता.

दादानं तो कागद ओळीखाली बोट फिरवत वाचला. आधी खूप हसला. मग म्हणाला, “नुसतं शेती लिवलं असतं, तं पोरीचं अडलं असतं काय?”

“हो दादा, अडलं असतं,” मी म्हणाले.

कागदाची घडी करून त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि ज्वारी काढायची आहे म्हणून उठला. जेवण तयार होतं, तरी थांबला नाही.

वर्षाच्या आत अकोल्याचं स्थळ जुळलं. लग्नात भाचीला बोहल्यावर त्यानंच आणलं, कोरं धोतर, कोरी टोपी. व्याह्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “काय मामा, बाग काय म्हणते?” दादा शांतपणे म्हणाला, “लहान हाय अजून.” वेळ बरी मारून नेली त्यानं, असं मला वाटलं. लाज वाटण्याऐवजी हायसं वाटलं...

तेरवी झाल्यावर वहिनी मला वावरात घेऊन गेली. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेला झाडांची पाच आळी होती. चारांत वाळलेल्या काड्या, पाचव्यात कमरेएवढं संत्र्याचं झाड. कसंबसं उभं होतं, पण होतं. “तुम्ही तो कागद लिवला, त्याच सालची लावन हाय,” वहिनी म्हणाली. “आठ दिवसांनी नळ येते, त्या गोड्या पान्याच्या दोन कॅना सायकलले बांधून आनत. मी म्हनो, अहो, प्यालेच पुरत नाही, झाडाले कावून घालता? तं म्हनत, बाईनं लिवून देलं हाय, तिची जबान खोटी नाई पडली पाह्यजे. अन् सोता वावरातलं खारंच पेत.”

शेवटी त्याची मूत्रपिंडं गेली होती. खाऱ्या पाण्यानंच गेली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वहिनी म्हणते. मला तिच्याशी वाद घालता येत नाही. बोहल्यासमोर माझा भाऊ खोटं बोलला नव्हता, एवढं मात्र मला त्या आळ्यापाशी कळलं. खोटं माझं होतं. ते खरं करण्यासाठी तो घरचं गोडं पाणी ओतत राहिला, आणि मला कधी शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, दादा.

आता दर रविवारी मी एस.टी.नं जाते, सोबत अमरावतीच्या नळाचं पाणी. परवा कंडक्टरनं कॅन पाहून विचारलं, “मॅडम, पानी कोठी घेऊन चालल्या?” म्हटलं, भावाच्या झाडाला.

“काय करते भाऊ?”

बस सुटली होती. मी कॅन पायाशी सरकवून घट्ट धरली.

“शेती,” मी म्हणाले. नुसतं, शेती.