उघड्या दरवाजाची ढाल

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात राहणाऱ्या उल्हासचा हात ब्रशसाठीच घडलेला. पुण्यात, नाना पेठेत, काकांच्या हाताखाली त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचं नाव टाकलं. पेंटर नाव टाकतोच, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सिडनीत मात्र वीस वर्षं तो बोर्डांवर स्टिकर चिकटवत होता. स्टिकरवर कसलं नाव टाकणार?

त्यामुळे जवळच्या जर्मन क्लबने आपल्या जर्मनीतल्या मूळ गावाच्या, लिंडेनटोरच्या, मानचिन्हाची जुनी लाकडी ढाल हाताने पुन्हा रंगवून मागितली तेव्हा तो हरखला. पिवळ्या जमिनीवर लाल बुरूज, खाली गव्हाच्या तीन लोंब्या. काजळीमुळे बुरुजाचा दरवाजा बंद वाटायचा. खरवडल्यावर तो सताड उघडा निघाला. क्लबचे म्हातारे अध्यक्ष वर्नर यांनी कॉफी देऊन इतिहास सांगितला. शेजारचं गाव लढाईत जळालं, तेव्हा लिंडेनटोरने वेस उघडून त्या परक्यांना हिवाळाभर पोसलं. म्हणून राजाने उघड्या दरवाजाचा मान दिला. लोंब्या त्याच धान्याच्या. ऐकताना उल्हासचे डोळे भरून आले. भोळाच तो.

ढालीच्या कोपऱ्यात जुन्या रंगाखाली अक्षरं सापडली: के. ब्रांट, १९५८. आधीचा पेंटर. उल्हासने ते नाव जिवापाड जपून पुन्हा गिरवलं आणि त्याखाली आपलं लिहिलं. पाच आठवड्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. बायकोला, मेधाला, तो म्हणाला, "मी गेल्यावरही हे भिंतीवर असेल."

ढाल क्लबात लावण्याच्या समारंभाच्या आदल्या दिवशी वर्नर ती बघायला आले. तोंडभर कौतुक केलं, मग कोपऱ्यातल्या उल्हासच्या नावावर बोट ठेवलं.

"एवढं काढून टाक, मेट. ढालीवरच्या प्रत्येक खुणेला अर्थ असतो."

"आणि ब्रांट?"

"तो आमच्यातला होता."

आवाजात जराही वाकडेपणा नव्हता, आणि तेच उल्हासला जास्त झोंबलं. तो 'नो वरीज' म्हणाला. या देशात तेवढं तरी तो पक्कं शिकला होता.

त्याने पिवळा रंग कालवला. पहिल्या हातानंतरही नाव पुसटसं दिसत होतं. तसंच ठेवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण अर्धवट काम काकांनी कधी खपवून घेतलं नव्हतं. त्याने दुसरा हात मारला, आपल्याच नावावर, नीट, कडेपर्यंत. ब्रांटच्या नावावर एक शिंतोडा उडाला होता. तोही त्याने ओल्या फडक्याने हलकेच टिपून घेतला.