चाचांविरुद्धचं पत्र

आखातातल्या रुसैलच्या आमच्या कंपनी कॉलनीत कुणाला इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येई. मी नववीत होते. कुणाशी फारशी बोलत नसे, पण कागदावर माझं अडत नसे. मोठी माणसं सांगत, मी लिहून देई, आणि ती न वाचताच सही करत.

कारगिलचं युद्ध सुरू झालं तेव्हा शाळेला सुट्टी लागायची होती. आमच्या शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर पाकिस्तानी होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दुपारी शाळा सुटायच्या आधी ते सीटवर ओले टॉवेल अंथरून ठेवत, तापलेल्या रेक्झिनने आमचे पाय भाजू नयेत म्हणून.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर शेजारचे काका आणखी तिघांना घेऊन आमच्याकडे आले.

"व्हॅनच्या मालकाला, त्या अर्बाबला, पत्र लिही. ड्रायव्हर बदला म्हणावं."

"कारण काय लिहू?"

"गाडी बेफाम चालवतो, असं लिही."

"काका, आम्ही त्यांच्या व्हॅनला बैलगाडी म्हणतो."

"वकिलीण झालीस का गं? तिकडे आपली पोरं मरताहेत आणि तू त्याची बाजू घेतेस?"

मी बाबांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघत होते. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि व्हिसा रद्द झाला की परतीचं विमान, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळे त्याच भीतीत जगत होते.

मी लिहिलं. काकांनी नेहमीसारखी न वाचता सही ठोकली. सोबत आलेल्या एकांनी पेन उघडलं तेव्हा मी म्हणाले, "आधी मराठीत सांगते." "आमचे ड्रायव्हर गाडी सावकाश चालवतात. मुलांना जपतात. पण ते पाकिस्तानी आहेत, म्हणून आम्हाला ते नकोत. त्यांना काढून टाका."

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन थांबली.

"असं लिहितात का कुठे?" काका ओरडले.

"मग दुसरं कारण सांगा. लिहिते."

पेनवाल्यांनी पेन खिशात ठेवलं. काकांनी आपली सही इतकी गिरगटली की कागद फाटला. "आम्ही दुसऱ्याकडून लिहून घेऊ."

"घ्या. मी खोटं लिहिणार नाही."

चहा कुणीच घेतला नाही. ते गेल्यावर बाबांनी दार लावलं आणि म्हणाले, "उद्यापासून तोंड सांभाळ."

शनिवारी सकाळी व्हॅन आली. चाचांनीच आणली होती. काकांची दोन मुलं घरातून खाली आली नाहीत. चाचांनी नेहमीसारखा दोनदा हॉर्न दिला.

"बच्चे नहीं आएँगे?"

"नहीं, चाचा."

तरी ते पाच मिनिटं थांबले. वर गॅलरीत काका उभे होते. एरवी मी मान खाली घालून मागच्या खिडकीपाशी जाऊन बसत असे. त्या दिवशी पुढचं दार उघडलं आणि वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "गुड मॉर्निंग, चाचा. चला."