तिच्या गोष्टीचा राहिलेला भाग

बायको गेली तेव्हा तिची गोष्ट मोबाइलवर अर्धी लटकली होती.

मी सातवी पास. ती शिकलेली. इथे परदेशात, बॉटनी नावाच्या उपनगरात मुलीकडे राहायला आल्यावर म्हातारपणी तिनं मराठी गोष्टींच्या एका अ‍ॅपवर लिहायला घेतलं. सुरुवातीचे भाग फुकट, पुढच्यांना कुलूप. वाचायचं तर पैसे भरा, त्यातला वाटा लिहिणाऱ्याला. म्हणून ती प्रत्येक भाग नको तिथे तोडायची.

"अगं, पुढे काय झालं ते सांग की!"

"पैसे भरा," म्हणायची. मग चालायला गेलो की सगळं सांगायची, दम लागला तरी.

त्या कमाईतून तिनं चष्मा केला, मला जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणल्या. मुलीपुढे हात पसरायचा नाही, एवढाच हट्ट.

ती गेल्याचं वाचणाऱ्यांना कुणीच कळवलं नव्हतं. 'ताई, पुढचा भाग कधी?' रोज चालूच. वाचून वाचून जीव शिणला.

मुलगी मनुरेवा भागात एका फार्मसीत कामाला असते. ती म्हणाली, "बाबा, शेवट तुम्हाला माहितीये. तुम्हीच लिहा. आणि लॉक ठेवायचं हं, शेवटाला हीप्स लोक पैसे भरतात, ढिगानं."

"मेलेल्या बाईच्या नावावर धंदा करू?"

"धंदा काय? आईचं काम आहे ते. फुकट का द्यायचं?"



तिच्या गोष्टीतली बाई शेवटी नवरा सोडते, भाड्याची खोली घेते, परत येत नाही. यावरून आमचं भांडण झालेलं. "नवरा एवढा काही वाईट नाही," मी म्हणायचो. "तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणायची. आता फोन माझ्या हातात, अडवणारं कोण? एका बोटानं दोन दिवस टाइप करून त्या बाईला मी घरी आणली. वाचून बघितलं. खोटं वाटलं. सगळं पुसलं आणि तिला खोलीत नेऊन ठेवली, बायकोनं सांगितलं होतं तसं. मुलीनं कुलूप घातलं.

संध्याकाळपर्यंत एका बाईंचा निरोप. 'पैसे भरून हा शेवट? आमच्या ताई असं लिहिणार नाहीत.'

मुलगी म्हणाली, "सोडा, बाबा."

नाही सोडलं. खाली लिहिलं, 'ताई वारली. मी तिचा नवरा. शेवट तिचाच आहे. मलाही आवडला नव्हता.'