सामाईक विहिरीचा सर्व्हर

विजेवर चालणारी कुठलीही वस्तू माझ्या एका शाळासोबत्याच्या नजरेस पडली, की ती पुन्हा साध्या बटणाने चालू होत नाही, हे रत्नागिरीत आता सर्वमान्य आहे. आगपेटीएवढ्या बोर्डावर तो वेब सर्व्हर बसवतो. मग त्या वस्तूला स्वतःचं वेब पेज मिळतं आणि फोनवरून लॉग इन करून ती चालवता येते. निदान तो तसं म्हणतो. घरच्या मिक्सरलाही त्याने पेज दिलं. वहिनी वाटण करत असताना मिक्सर मध्येच थांबला आणि फोनवर अक्षरं आली, 'आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉग इन करा.' वहिनींचे हात मिरचीने माखलेले. "अहो, मी वाटण करू की परीक्षेला बसू?" त्या ओरडल्या. हा शांतपणे म्हणाला, "सुरक्षा आहे ती. उद्या कोणी बाहेरून मिक्सर चालवला तर?" मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरलाही त्याने पेज करून दिलंय. मालक रोज ते आदराने उघडतात आणि मग पाइपला हात लावून खात्री करून घेतात.

पंपाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. घराची वाटणी झाली तेव्हा विहीर त्याच्या आणि थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, सामाईक राहिली. पुढे हद्दीवरच्या एका फणसावरून दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला सात वर्षं झाली. मध्ये दगडांचा कमरेएवढा गडगा, तो कोणी ओलांडत नसे. पंपावर सर्व्हर बसतोय म्हटल्यावर दादांनी माझ्याकरवी निरोप धाडला, "विहीर सामाईक आहे. माझ्या संमतीशिवाय काही बदलायचं नाही." हा पेटला. सातबारा समोर ठेवून त्याने कॉन्फिगरेशन केलं: दोन हिस्सेदार, दोन खाती, आणि कुठलाही बदल करायचा तर दुसऱ्याची संमती आवश्यक. हाताने चालवायचं बटणही काढून टाकलं. दादांनी आपलं खातं कधी उघडलंच नाही. त्यांच्याकडे नळ होता.

यंदा वैशाखात याने स्वतःचाच पासवर्ड पाच वेळा चुकवला आणि खातं बंद पडलं. ते उघडायची विनंती दादांच्या फोनवर गेली, पण दादा फोन फक्त बोलायला वापरतात. नवी लावलेली हापूसची कलमं दोन दिवसांत माना टाकू लागली. "अरे, दोन वायरी जोड, पंप चालेल," मी म्हटलं. मी देवळात चपला घालून शिरलोय असं त्याने माझ्याकडे पाहिलं. "नियम मीच केलाय ना?" म्हणाला. पासवर्ड पाच वेळा चुकणारा हा माणूस नव्हे, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गडगा ओलांडून गेला. दादांनी चष्मा लावला, "कुठं दाबू?" एवढंच विचारलं आणि दाबलं. पंप सुरू झाला. कलमं जगली.

तेव्हापासून दर रविवारी हा पंपाचं काहीतरी सेटिंग बदलतो. गरज कसलीच नसते. पंप चालायची वेळ पाच मिनिटांची सहा करतो, पुढच्या रविवारी सहाची पाच. दादाही आता फोनवर बटण दाबायला शिकलेत; न चुकता संमती देतात. परवा मात्र त्यांनी नकार दिला. हा धास्तावून गडग्यापाशी गेला, तर दादा पडवीतून ओरडले, "मेल्या, बटणं कसली दाबून घेतोस माझ्याकडनं? काम नसलं तरी ये की! चहा निवतोय."

हे सगळं त्याने मला सांगितलं. शेवटी "सात वर्षं रे," एवढंच म्हणाला. मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा हेवाही वाटला. माझा धाकटा भाऊ हातखंब्याला राहतो. वाटणी करताना आम्ही सगळं नीट, कागदोपत्री वाटून घेतलं; सामाईक असं काही ठेवलंच नाही.