धवल्यावर तेरा वेळा माझं नाव

माझ्या नावाची आरोळी कल्याणच्या एका मित्राच्या आवाजात आहे. माझा स्वतःचा आवाज किरटा, म्हणून त्याला बोलावून घेतलं होतं. त्याने घसा खाकरला, छाती फुगवली आणि माझं डीजेचं नाव ओरडून पुढे 'मुरबाड' जोडलं. मी त्यावर घुमारा चढवला आणि शेवटी काच फुटल्याचा आवाज लावला. आमच्यात याला टॅग म्हणतात. गाण्याच्या सुरुवातीला आणि मधे कुठेतरी तो वाजतो, म्हणजे रिमिक्स कोणी केलंय ते ऐकणाऱ्याला कळतं आणि दुसऱ्याला ते आपलं म्हणून खपवता येत नाही. टोकावड्याच्या ढाब्यावर कोणाच्या गाडीत माझा टॅग ऐकू आला, तर मी चहा तसाच ठेवून गाडीत कोण बसलंय ते बघून यायचो. इतका मी त्याच्यावर खूश होतो.

कारखान्यातली पाळी सांभाळून मी लग्नांना साउंड लावायचो. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात हळद होती. टेम्पोवर बॉक्स चढवले, पोरं नाचायला तयार, आणि नवरीच्या काकाने येऊन सांगितलं, "आता बंद ठेव. धवलारीण बसलीय."

धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी गाऊन लावणारी बाई. हळद कुटण्यापासून ती गाते, तिच्या गाण्याला धवला म्हणतात, आणि तिचा धवला पुरा होईपर्यंत पुढचं काही होत नाही. मला हे माहीत होतं, लहानपणापासून बघत आलो होतो. तरी त्या सकाळी मी वैतागलो. पाटावर बसलेली म्हातारी, दात पुढचे दोन गेलेले, हातात तांदळाचं सूप, आणि ती सावकाश, अजिबात घाई न करता हळदीची सगळी हकीकत सांगत होती. कुठल्या शेतात लावली, कोणी खणली, पुढे काय काय केलं, मग कुठल्या देवाला पहिलं बोलावणं गेलं. मी घड्याळ बघत उभा. मग कधी कोणास ठाऊक, घड्याळ बघायचं राहून गेलं. आवाज जाडसर होता, मधेच चिरायचा, पण सुरावरून हलत नव्हता. मी जाऊन तिच्यासमोर मोबाइल ठेवला.

"मावशी, रेकॉर्ड करू ना?"

"कर की. गानं काय माजं हाये? माज्या आयचं, तिच्या आयचं. तुला आवडलं तं घे."

मी घेतलं. त्या वाक्याचा अर्थ मी मला सोयीचा लावला. ज्याला मालक नाही ते जो उचलेल त्याचं, असं माझं डोकं चाललं. ती काय सांगत होती हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि तेव्हा तिला जाऊन सांगायची सोय राहिली नव्हती.

अर्ध्या तासाच्या धवल्यातला अकरा मिनिटांचा भाग माझ्या मोबाइलमध्ये आला. त्यातला साडेचार मिनिटांचा मी वापरला. खाली बेस घातला, टाळ्या घातल्या, तिचा आवाज चिरतो तिथे बरोबर बीट सोडली. सुरुवातीला एकदा टॅग, बस. रिमिक्स खरंच चांगलं झालं होतं, हे मी आजही खोट्या नम्रतेने नाकारणार नाही. चॅनेलवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'फुकट डाउनलोड करा, वाजवा, फक्त नाव द्या.' त्या मोसमात मुरबाड-शहापूरकडे अशी हळद नसेल जिथे ते वाजलं नाही. बाया तिचा आवाज ओळखायच्या. 'ही तं अमक्या गावची धवलारीण,' म्हणायच्या. माझं नाव मात्र मलाच जाऊन सांगावं लागायचं.

मग मे महिन्यात डोळखांबकडच्या एका डीजेने तेच गाणं आपल्या चॅनेलवर टाकलं. माझा सुरुवातीचा टॅग कापून स्वतःचा लावला होता. बाकी सगळं जसंच्या तसं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बायको म्हणाली, "अवो, गानं तरी तुमचं हाये का?" तिच्याशीही भांडलो. तक्रारीचा फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, ही तुमची मूळ निर्मिती आहे का? मी एका क्षणाचाही विचार न करता 'हो'वर टिक केलं. चार दिवसांत त्याचा व्हिडिओ उडाला. तो दिवस मी सणासारखा साजरा केला, मित्रांना भजी खाऊ घातली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुन्हा कोणाची हिंमत होऊ नये म्हणून मी ते गाणं नव्याने बनवलं. साडेचार मिनिटांत तेरा टॅग. जिथे कापता येणार नाही तिथे, म्हणजे नेमके तिच्या शब्दांवरच, आवाज पूर्ण मोठा करून. जुनं काढून हे चॅनेलवर चढवलं. जुनी फाइल कोणाच्या हाती लागू नये म्हणून लॅपटॉपमधूनही पुसली. मोबाइल भरला होता, तेव्हा अकरा मिनिटांचं ते मूळ रेकॉर्डिंगही काढून टाकलं. गाणं तर बनून झालं होतं, कच्चा माल कशाला ठेवायचा, असं मला वाटलं.

नवं गाणं मी तिलाच हौसेने ऐकवलं होतं. बाजाराच्या दिवशी मुरबाडच्या स्टँडवर भेटली, पिशवीत सुकट, कानाला फोन लावून दिला. तोंडभर हसली, आणि मग कपाळाला आठ्या.

"मदी मदी कोन वरडतो रे यो?"

"माझं नाव आहे मावशी. कोणी चोरू नये म्हणून."

"आनी मी काय बोलली ते?"

"ते खाली आहे की."

"खाली नाय ऐकू येत, पोरा," ती म्हणाली. तेवढ्यात तिची एसटी लागली. मी तिला हात धरून चढवलं, पिशवी वर दिली, आणि तिच्या बोलण्यावर अजिबात विचार केला नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मला महिन्याभराने कळलं. मग मागच्या माघात तिची मुलगी माझ्या दारात उभी. शहापूरला दिलेली, पंचेचाळिशीची, अंगणवाडीत कामाला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या बाजूला आता धवलारीण उरली नव्हती, आणि दुसरीकडून आणावी तर तिचा धवला वेगळा, त्यात यांच्या घरचे देव नाहीत.

"आय शिकव शिकव म्हनायची," ती बाई म्हणाली. "मी म्हनायची, टाइम नाय. आता तुमच्याकडे तिचा आवाज हाये असं कळलं. मला बीट नको दादा, नुसतं आयचं गानं द्या. पंधरा दिवस हायेत, मी पाठ करीन."

मी 'देतो' म्हणालो. पाणी दिलं, चहा दिला. देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

तरी शोधलं. जुनी मेमरी कार्डं, पेनड्राइव्ह, बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्त करून घेतला. गाण्यातून आवाज वेगळा काढून देणारं ॲप आता मिळतं, त्यात टाकून बघितलं. त्याने बेस काढला, टाळ्या काढल्या, सगळं साफ केलं. राहिले दोन आवाज, म्हातारीचा आणि माझ्या मित्राचा. यंत्राला माणसाचा आवाज कळतो, त्यातला कुठला कोणाला हवा आहे हे कळत नाही. उलट बीट गेल्यावर ती आरोळी जास्तच भसाडी ऐकू आली.

ज्यांनी तेव्हा फुकट डाउनलोड केलं होतं त्यांनाही विचारलं, पण कोणाचा मोबाइल बदलला होता, कोणाकडे तेरा टॅगवालंच होतं. शेवटी डोळखांब गाठलं. ज्याचा व्हिडिओ मी उडवला होता त्याच्याकडे. एकच टॅग असलेली माझी जुनी फाइल त्याने घेतली होती, ती त्याच्याकडे असणार होती. वाटेत मी दहा वेळा शब्द जुळवले. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मला ओळखल्यावर त्याने स्टूल पुढे केलं. शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "नाय रे भाई. तुजी कम्प्लेंट आली ना, मी घाबरलो. कोनी बोलला केस होते, घरी पोलीस येतात. मोबाइल, कम्प्युटर, सगल्यातून उडवला त्याच दिवशी. ज्यांना ज्यांना पाठवलेला त्यांना फोन करून उडवायला लावला."

"सगळ्यांना?"

"हां. पंदरा-वीस जन व्हते." मग हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत, "तुजंच व्हतं ना ते, म्हनून."

मी मान हलवली. माझ्या तक्रारीने आमच्या दोन तालुक्यांतून त्या बाईचा मोकळा आवाज शोधून शोधून पुसला होता, आणि तो पुसणारा माणूस माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाला होता.

तिच्या मुलीला घरी जाऊन सांगितलं. काही लपवलं नाही, फॉर्मचंही सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा मला हाकलेल. तिने फक्त विचारलं, "मग हाये काय?" मी ॲपने काढलेली ती फाइल दिली. बीट नाही, म्हातारी आहे आणि तेरा वेळा मी आहे. तिने ती माझ्यासमोर एकदा ऐकली. पहिल्या आरोळीला दचकली, पुढच्यांना नुसते डोळे मिटत गेली. म्हणाली, "बघते."

हळदीला बोलावणं आलं. साउंडचं नव्हे, पाहुणा म्हणून. जाऊ नये असं फार वाटत होतं, पण गेलो. सकाळी अंगणात ती पाटावर बसली, शेजारच्या दोन तरुण सुना तिच्या दोन्ही बाजूंना, मागून म्हणायला. तिने धवला उचलला. आवाज आईचा नव्हता, पण चाल तीच, सावकाशपणा तोच. हळद शेतात लावली, हळद खणली. आणि ती थांबली. ओठ मिटले, तीन-चार श्वास गेले. मग पुन्हा सुरू झाली तेव्हा हळद वाटीत होती. ती कोणी उकडली, कोणी वाळवली, कोणी कुटली, ते गाण्यात नव्हतं. जरा पुढे पुन्हा थांबली. घरच्या दोन देवांना बोलावणं गेलं, तिसऱ्याच्या जागी शांतता, मग चौथा. मला प्रत्येक थांबण्याची जागा येण्याआधी ठाऊक होती. मी तिकडे न बघता मांडवाच्या खांबाकडे बघत राहिलो.

बाजूच्या सुना हुशार. दोन-चार वेळा अडखळल्या, मग तिच्याबरोबर बरोबर थांबायला लागल्या, तेवढेच श्वास मोजून. बाया म्हणत होत्या, म्हातारीचा धवला पोरीने राखला.

गाणं संपल्यावर त्यातली धाकटी सून वही घेऊन आली. तिला सगळं उतरवून घ्यायचं होतं, तिच्या नणंदेची हळद वैशाखात होती. लिहिता लिहिता तिने विचारलं, "काकी, मदी मदी थांबायचं ते पन लिवू?"

काकीने माझ्याकडे बघितलं.

"लिव," ती म्हणाली. "तितं थांबायचंच."